पुलाआधी कोंबड्या

ता. ४ जून

चि. टिटवीस अ. आ.

म्हणजे मी आता तोंड शिवून बसायचं, असंच ना? सातवीत शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळालेल्याने कॉलेजच्या प्रवेशात नाक खुपसू नये, हे तू मागल्या पत्रातही लिहिलंस आणि त्याच्या मागल्यातही. भिंत काही फार उंच नव्हती, एवढंच म्हणतो. पण प्रवेशाची माहितीपुस्तिका बाबांनी मला धाडली, आणि मी ती खोलीतल्या तिघांना तीन संध्याकाळ मोठ्याने वाचून दाखवली. आमच्यातला जो स्वयंपाक करतो त्याला तर आता माझ्यापेक्षा जास्त कळतं.

अकराव्या पानावर पसंतीक्रम आहे. पाच कॉलेजं क्रमाने भरा म्हणतात. इथे मात्र ऐक, कारण हा माझा धंदा आहे. चार वर्षं गोदामात ट्रक भरतोय. जो माल आधी उतरवायचा तो शेवटी चढवायचा, म्हणजे दाराशी राहतो. आधी चढवलेला आत जाऊन बसतो, मग हात पोचत नाही. तेव्हा तुझं ते पूल बांधायला शिकवणारं कॉलेज सगळ्यात खाली घाल आणि घराजवळचं कुक्कुटपालन एक नंबरला. आमच्या मुकादमालाही हे पटलं.

तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून हेच बाबांना वेगळ्या पत्रात लिहिलंय. बाकी मी ठीक. मोटरसायकलीचे पैसे जमत आले. ती आली की गोदाम सोडणार. एका जागी चार वर्षं म्हणजे फार झालं. आईला नमस्कार सांग, आणि रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा दादा


ता. २१ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझ्या मुकादमाला माझा नमस्कार सांग, आणि त्याला कोंबड्या आवडतात का तेही विचार.

बाबांबरोबर अर्ज भरायला गेले. फोटोत मागचा पडदा पांढराच हवा, म्हणून मला पुन्हा फोटो काढायला पिटाळलं. परत येते तर बाबांनी तुझं पत्र समोर धरून यादी भरून घेतलेली, अर्ज गेलेला. एक नंबरला कुक्कुटपालन. कोंबडी दारात आली की मी खाटेवर चढते, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. खिडकीतल्या बाई म्हणाल्या की एक नंबरचं मिळालं तर घ्यावंच लागतं, नाहीतर यंदाच्या प्रवेशातून बाहेर. आणि माझ्या गुणांना ते मिळणार म्हणजे मिळणारच होतं. बाबा त्यांना समजावत होते की ट्रक असाच भरतात. बाई म्हणाल्या, काका, हा ट्रक नाही, इथे जो आधी चढतो तोच आधी उतरतो. सगळी रांग हसली. मी पायरीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

यादी बदलायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत, तीही मूळ कागद पुन्हा तपासून. साडेचार झालेले. पुढचे लोक पिशव्या उलट्या करून दाखले शोधत होते. शेवटी बाई कंटाळल्या आणि म्हणाल्या, ज्यांचे कागद तयार असतील त्यांनी पुढे या. आता गंमत ऐक. बाबांनी फाईलसुद्धा तुझ्याच नियमाने भरलेली. जे आधी मागतील ते शेवटी ठेवलेलं, म्हणजे सगळ्यात वर. बाईंनी मागायचा अवकाश की कागद हातात. पाचला दोन मिनिटं असताना यादी सुलटी झाली. तेव्हा तुझं निम्मं डोकं चालतं, असं घरात ठरलं आहे.

काल निकाल लागला. पुलाचं कॉलेज मिळालं. पहिला हप्ता तीस तारखेच्या आत भरायचाय. बाबा म्हणतात, होईल. पण त्यांनी दुसरं शिलाई मशीन तेल घालून पुसून ठेवलंय, आणि सकाळी एक माणूस त्याचं चाक फिरवून बघून गेला. आम्हाला काही कळत नाही असं त्यांना वाटतं. मी लिहिलं हे त्यांना सांगू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे, सल्ले तेवढे आवर.

तुझी टिटवी


ता. २५ जून

चि. टिटवीस अ. आ.

तुझं पत्र खोलीत मोठ्याने वाचलं आणि पस्तावलो. स्वयंपाकवाला म्हणतो, त्याला आधीपासूनच शंका होती. मुकादम म्हणतो, त्याला पटलं वगैरे काही नव्हतं, तो नुसता खोकला होता. आता सगळं गोदाम मला कोंबडीमास्तर म्हणतं. म्हणू दे. तू पायरीवर बसून रडलीस, ती ओळ मात्र मी त्यांना वाचून दाखवली नाही.

बाबांना सांग, मशीन विकायचं नाही. पुसलंच आहे तर त्यावर माझ्या दोन विजारी शिवा, इथे गुडघे टिकत नाहीत. मला कसं कळलं असं विचारलं तर सांग, निम्मं डोकं चालतं त्याचं. आणि तू पूल बांधशील तेव्हा दणकट बांध. वरून आमचेच ट्रक जाणार आहेत, आणि ते मी भरलेले असतील.

मोटरसायकल मी यादीत सगळ्यात खाली टाकली आहे. तुझ्या बाईंच्या हिशेबाने ती आता मिळत नाही. माझ्या हिशेबाने तीच आधी उतरते. बघू कोण खरं ठरतं. तोवर गोदामातच आहे, आणखी वर्षभर तरी. आईबाबांना नमस्कार. कॉलेजात गेलीस म्हणून आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा

ता. क. पैसे आजच पाठवले, पोचले की मोजून कळव. एकोणीस हजार सहाशे.