तू आत गेल्यापासूनच्या चोऱ्या

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. महिनाअखेरीस तुरुंगातून सुटतेस, न्यायला घरचं माणूस लागतं, हेही वाचलं. मी येणार नाही, आधीच सांगते.

तुला पकडलं तेव्हा बाबांच्या कुलुपांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं होतं, आता निर्धास्त झोपा, चोर आत गेला. सख्खी बहीणच म्हणते म्हटल्यावर लोकांना पटलं. पण चोऱ्या उलट वाढल्या. आता लोक मलाच टोमणे मारतात, आणि आई मात्र प्रत्येक चोरीला हरखते! माझी पोर आत असूनही होतातच ना चोऱ्या, असं गल्लीभर सांगत फिरते. गेल्या आठवड्यात आपल्याच घरात चोर शिरला. शिरणारच. तुला कधी स्वतःचं घर फोडावं लागू नये म्हणून ती मला दाराला कुलूप लावू देत नाही! माझा नवा मिक्सर गेला, तर तिला कोण आनंद.

रोज तिचे पाय मी चेपते आणि ती नाव तुझं घेते. जळते मी तुझ्यावर. हो, जळते.

तुला लोभाची कमी नाहीच, माझा थोडा कमी पडला तर चालवून घे.

ताई

११ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या मॅडम आधी वाचतात. मिक्सरचं त्यांनाही वाईट वाटलं.

चोऱ्या थांबतील कशा? मी आत आले की बाहेर माझी जागा भरते, नोकरीसारखी. शिवाय पाकीट मारून आलेल्या बाया इथून कुलूप उघडायला शिकून जातात. माझ्याही मागे लागतात. बाबांची विद्या मी देत नाही, मला ती तुझ्या दुकानात वापरायची आहे. तू नेलं नाहीस तर मला याच बायांच्या खोलीवर जावं लागेल. मग पुढचं तुला ठाऊक आहे.

आणि जळायचं तर मी जळावं. आई भेटीला येते आणि सगळा वेळ तुझंच पुराण लावते. कानस चालवताना ताईचा हात हुबेहूब बाबांसारखा, म्हणे. एकदा मला रडू आलं, तर म्हणाली, ताई अशी रडत नाही.

राग वजा जाता उरेल तेवढी माया असू दे.

धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

आई हे मला कधीच बोलली नाही. विचारायचीही सोय नाही, उडवून लावेल.

न्यायला मी येते. आईलाही यायचं होतं, पण तिला मी तारीख एक दिवस पुढची सांगितली आहे. बसला दीड तास लागतो. तेवढ्यात ती माझ्याबद्दल काय काय म्हणाली ते पहिल्यापासून सांग, एक शब्दही गाळू नकोस.

बाकी लोभाचं भेटीत बघू.

ताई