फूट्स नव्हे, फीट

ता. ३ जून

चि. पंतोजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शाळेत दुसऱ्यांच्या पोरांना इंग्रजी शिकवतोस, आता सख्ख्या बहिणीला शिकव. हॉस्पिटलच्या लाँड्रीतली माझी रात्रपाळी काही सुटत नाही. चादरींच्या स्टोअरमध्ये दिवसाची जागा रिकामी झाली आहे, पण मेट्रनबाई म्हणतात की कपाटांवरची नावं न् याद्या सगळं इंग्रजीत, तेव्हा आधी पेपर द्या. ती जागा मला हवीच. रात्री अण्णा घरात एकटे असतात आणि भिंत धरधरून मोरीपर्यंत जातात.

पण हे अनेकवचन! शीटचं शीट्स, कळलं. नाइफचं नाइव्ह्ज, तेही गिळलं. मग रूफचं रूव्ह्ज का नाही? आणि शीप एक असो की अख्खा कळप, शीपच. या भाषेला कुणी जाब विचारणारं आहे की नाही? पुस्तक भिंतीवर आपटावंसं वाटतं.

अण्णांनी हे पत्र वाचलं आहे. त्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय या घरात पाकीट बंद होत नाही, तुला ठाऊकच आहे. ते म्हणतात, पंतोजीला सांग, बहीण आहे, छडी आवर.

लोभ आहेच, थोडा धीरही असावा.
तुझी ताई

ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाषेला जाब विचारायचा नसतो, ती पाठ करायची असते. आपलं तरी कुठे सरळ आहे? भिंतचं भिंती, वीटचं विटा, आणि दगड कितीही रचले तरी दगडच. परक्या माणसानं कपाळ बडवून घ्यायचं.

एक उपाय सांगतो. घरातली माणसं, घरातल्या वस्तू घेऊन इंग्रजी वाक्यं रच. खरी-खोटी कशीही चालतील. पत्राच्या मागच्या पानावर लिही, मी तपासून परत पाठवीन. माझ्या तांबड्या शाईला अख्खी शाळा टरकते, तूही सांभाळून.

अण्णांना नमस्कार. बरे असतीलच.

लोभ असावा, आळस नसावा.
तुझा धाकटा

ता. २४ जून

चि. पंतोजींस,
अनेक आशीर्वाद.

अण्णा शेजारी बसून वाचताहेत. बाकी सर्व क्षेम.

वाक्यं मागच्या पानावर आहेत. अण्णांना इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही, त्यांनी ते पान नुसतं उलटून पाहिलं आणि अक्षर छान आहे म्हणाले. तू मात्र शब्द न् शब्द वाच. डिक्शनरी चाळून चाळून बोटं दुखली, पण फार मनापासून लिहिलं आहे. उत्तर लवकर यावं.

लोभ असू दे, लक्षही असू दे.
ताई

ता. २ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहापैकी चार. आता मात्र मला वैताग आला. फूटचं फीट होतं, फूट्स नव्हे. टूथचं टीथ होतं, टूथ्स नव्हे. पान सोबत पाठवतो आहे, तांबडं झालं आहे त्याला इलाज नाही.

कल्पनाशक्ती मात्र दांडगी! बिचाऱ्या अण्णांना मोरीत पाडलंस, त्यांचे दात पाडलेस, वर पायही सुजवलेस. पुढच्या वेळी निदान बागेत फिरायला तरी ने त्यांना.

लोभ वाढावा, चुका घटाव्यात.
तुझा धाकटा

ता. ७ जुलै

पंतोजी,

हे पत्र हॉस्पिटलच्या फाटकातल्या पेटीत टाकते आहे. अण्णांनी वाचलेलं नाही.

फूट्स म्हण नाहीतर फीट म्हण, सुजलेत ते आपल्या बापाचे पाय. मी कामावर असताना ते मोरीत पडले आणि मी सकाळी येईपर्यंत तिथेच होते. तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला गळ्याची शपथ घातली. मराठीत लिहिलं की ते वाचणार, म्हणून ही चोरवाट काढली. जी भाषा मला येत नाही तिच्यात मी तुला हाक मारली, आणि तू हाक तपासून परत पाठवलीस. नुसता संताप संताप झाला आहे माझा.

पेपर येत्या शनिवारी आहे. पास झालेच तर दिवसाची जागा. तोवर रात्री त्यांच्यापाशी कुणी थांबायचं?

लोभ आज मागत नाही.
ताई

ता. ९ जुलै

चि. पंतोजीस,
अनेक आशीर्वाद.

अंथरुणातूनच लिहितो आहे, अक्षर लावून घे. हे पत्र मी ताईला दाखवणार नाही. या घरातून एक तरी पाकीट कुणी न वाचता जाऊ दे.

तुझं पत्र मीच फोडलं. अण्णांना पाडलंस असं वाचलं आणि कान टवकारले. खालचा औषधवाला गोळ्या घेऊन वर आला, त्याला मागचं पान वाचायला लावलं. पोरीनं सगळं जसं घडलं तसंच लिहिलं होतं. आणि तू माझ्या पडण्याला दहापैकी चार दिलेस! अरे, बापाला पास तरी करायचं.

शपथ मोडली म्हणून तिला मी काही बोललो नाही. शपथच मूर्खपणाची होती. ती घरभर फीट, टीथ पुटपुटत फिरते, आणि मधेच पुस्तकाला शिव्या घालते.

रजा मिळत असेल तर ये. रात्री एकट्याला मला भीती वाटते.

हे मराठीत लिहिलं आहे. तपासत बसू नकोस.

तुझा
अण्णा