कोपऱ्यापर्यंत चालून या

प्रिय ठमू,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू ‘हं’, ‘बघू’, ‘कामात आहे’ असं म्हणून मला वाटेला लावतेस. पत्राचं तसं नसतं, ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं. तेव्हा चहा घे, बूड टेकव आणि शेवटपर्यंत वाच. मधेच उठलीस तर मला इथे कळेल.

तुझी बातमी बाबांकडून समजली. विमा कंपनीत नोकरी लागली, एक तारखेला रुजू व्हायचं, आणि दुकानं सजवायचं खूळ डोक्यातून कायमचं काढून टाकलंस. बाबांना आनंद झाला. बसून काम, डोक्यावर पंखा, वेळेवर घरी. मला काही आनंद झाला नाही, आणि झाल्याचं सोंग मला जमत नाही. शाळेत असताना ज्या मुलीने आपल्या दुकानातली चपला-बुटांची सगळी खोकी रंगांप्रमाणे लावून ठेवली आणि आम्हाला आठवडाभर एक माप धड सापडू दिलं नाही, ती आता लोकांच्या अपघातांचे कागद तपासत बसणार? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही. का नाही ते सांगते, पण सुरुवातीपासून सांगते, कारण मधल्या काळात मी दुकानात काय करून बसलेय याचा तुला पत्ताच नाही.

मागच्या खेपेला आलीस तेव्हा ती नकाशाची गुंडाळी माझ्यापुढे टाकलीस आणि म्हणालीस, आई, हे फळ्यांवर अंथरायला घे. आपल्या समोरच्या बुटांच्या मोठ्या दुकानासाठी ऑफिसातून काढला होतास तो. माणूस नवा बूट घालून गालिच्यावर दोन पावलं टाकतो, आरशात बघतो, विकत घेतो, आणि चावतो कुठे ते घरी गेल्यावर कळतं. म्हणून तू दुकानाच्या मधोमध एक वाट आखलीस. थोड्या पायऱ्या, पुढे खडी, मग एक गुळगुळीत ओली फरशी, शेवटी उतार. रोज जशा जमिनीवरून चालता तशाच जमिनीवर चालून बघा आणि मग घ्या. तुझ्या साहेबांनी त्यावर लाल शाईने ‘पोरखेळ’ असं लिहून कागद भर सभेत परत केला, आणि सगळे हसले. पुढे तू राजीनामा दिलास. हे सगळं तू मला धावतपळत सांगितलंस आणि मग मोरीपाशी जाऊन धुतलेलेच कप पुन्हा विसळत राहिलीस. मला त्या माणसाचा असा संताप आला की विचारू नकोस.

तू गेल्यावर फळ्या पुसल्या, गुंडाळी उलगडली, कात्री घेतली, आणि हात पुढे जाईना. तुझ्या रेघा मला कळत नाहीत, पण वाट कळते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी लोकांच्या पायांशी बसलेय. खुर्चीत बसलेला माणूस हमखास म्हणतो की छान बसला, आणि चार दिवसांनी तोंड वाकडं करून तोच जोड परत घेऊन येतो. तू काढलंस ते बरोबर होतं. मी बाबांना म्हटलं, हे आपण बांधायचं. ते म्हणाले, तुला वेड लागलंय. म्हटलं, लागलंय, गवंड्याला बोलवा. एवढ्याशा दुकानात पायऱ्या म्हणजे त्यांना हसं होण्याची धास्ती, शिवाय समोरच्या दुकानाने आधीच अर्धी गिऱ्हाइकं पळवलेली. ते रुसले. काम चालू होतं तोवर आमचा संसार गवंड्यामार्फत चालला. तुमच्या बाईंना सांगा सिमेंट संपलं, तुमच्या मालकांना सांगा मग आणा. तो बिचारा दोघांच्या मध्ये थापी धरून उभा.

आता माझी फजिती ऐक, आणि हसायचं तर हस. आपण कागदावर पायाचं माप घेतो तेव्हा गिऱ्हाईक आपल्याकडे तोंड करून उभं असतं. म्हणून तो कागद आपण बोटांकडून वाचतो, टाच पलीकडे. माझ्या हातांना दुसरं काही माहीतच नाही. तुझ्या वाटेचं एक टोक रुंद होतं आणि दुसरं निमुळतं. मी सरळ रुंद बाजू म्हणजे बोटं असं धरून कागद उलटा फिरवला आणि गवंड्यापुढे ठेवला. तुझी वाट दारापासून सुरू होऊन आतल्या आरशाकडे उतरत होती. आमची आतून सुरू झाली आणि दारातून थेट रस्त्यावर उतरली. हे लक्षात आलं ते सिमेंट पक्कं वाळल्यावर. त्या दिवशी बाबा पहिल्यांदा गवंड्याशिवाय माझ्याशी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही.

तोडायचं तर पुन्हा खर्च, म्हणून तसंच दुकान उघडलं. पहिली आली ती दवाखान्यातली उंच नर्सबाई, दिवसभर उभं राहून जिच्या टाचा भरून येतात ती. तिला जोड घातला, वाट दाखवली. पायऱ्या चढली, खडी झाली, फरशी झाली, उताराला लागली आणि पाय आवरेनात तशी दाराबाहेर जाऊन फुटपाथवर उभी राहिली. नव्या जोडासकट गिऱ्हाईक चाललं म्हणून बाबा खुर्चीतून ताडकन उठले. माझ्या तोंडून निघून गेलं, आता बाहेर पडलाच आहात तर कोपऱ्यापर्यंत चालून या. बाई गेली ती गेलीच. बाबा दारात, मी आत, आणि मध्ये तिच्या झिजलेल्या सपाता. मीही मनातून टरकले होते, पण तोंडावर दाखवते की काय. बऱ्याच वेळाने बाई आली, घामाघूम आणि खूश. दवाखान्याच्या जिन्यापर्यंत जाऊन आली होती. डावा चावतो म्हणाली, पण जिना उतरताना. तिला अर्ध्या मापाने मोठा दिला. दुसऱ्या दिवशी ती दोघी-तिघींना बरोबर घेऊन आली.

तेव्हापासून तीच रीत पडली. आतून चालत या, बाहेर पडा, कोपऱ्यापर्यंत जा, हवं तर आपल्या घराचा जिना चढून बघा आणि मग काय ते ठरवा. जुने जोडे आमच्यापाशी ठेवायचे. माणूस परत येईपर्यंत बाबा ते पुसून, पॉलिश करून दारातल्या फळीवर मांडतात. हातांना काम मिळालं आणि त्यांचा रुसवा कुठल्या कुठे पळाला. आता तर माणूस जरा लवकर परतला की तेच चिडतात, एकाच बुटाला पॉलिश झालेलं असतं ना. नवरा-बायको भांडत येतात आणि कोपऱ्यावरून येईपर्यंत रंग ठरलेला असतो. एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला नवा जोड घालून फेरी मारतात आणि काही न घेता आभार मानून जातात. बाबा त्यांना अडवत नाहीत. नव्या जोडात कुणी पळालं का विचारशील, तर एक महाभाग पळाला. त्याने मागे ठेवलेले बूट इतके चांगले निघाले की बाबा हल्ली तेच घालतात.

हे सगळं तुझं आहे, ठमू. उलटा धरलेला कागद तेवढा माझा.

आता खरी बातमी. समोरच्या दुकानातली माणसं काचेला नाक लावून आमच्याकडे बघतात हे मी पाहत होते. परवा कडक इस्त्रीचे एक गृहस्थ आले. खिशातून टेप काढून उतार मोजायला बसले. तू पाठवलेल्या ऑफिसच्या फोटोत मधोमध बसलेत ना, ते तुझे साहेब. मी लगेच ओळखलं. टेप त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, मोजायचं तर पायाने मोजा. जोड घातला, चालायला लावलं. कोपऱ्यापर्यंत गेले, आले, खुर्चीत बसले आणि बूट काढून उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाले, बाई, इतकी वर्षं दुकानं बांधतोय, पण गिऱ्हाइकाच्या पायाने कुणी विचार केलेला पाहिला नाही. हे कुणाचं काम? समोर तर करायचंच आहे, आणखीही ठिकाणी करायचंय. आपणच लाल शाईने काय लिहिलं होतं याची त्यांना गंधवार्ता नव्हती. कागद माझ्या पाठीमागे कपाटात होता. हात लांबवला असता की त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं असतं. जीभ नुसती वळवळत होती. तरी मी एवढंच म्हटलं की जिने आखलं ती आज नाही, शनिवारी दहा वाजता या. येतो म्हणाले.

तू म्हणशील, मग दाखवायचा होतास कागद, फिटला असता सूड. नाही बाई. ते हसले ते तुला हसले, तेव्हा बोलायचा हक्कही तुझाच. माझी माफी मागितली असती तर त्या माफीचं मी काय लोणचं घातलं असतं? म्हणून हे पत्र. शनिवारी ये. त्यांना हो म्हण, नाही म्हण, नाहीतर दार दाखव, मी मध्ये पडणार नाही. त्यानंतरही विमा कंपनीत जावंसं वाटलं तर जा, मी स्वतः डबा भरून देईन. पण कुणीतरी हसलं म्हणून तू जाणार असशील तर ते मला चालणार नाही. शनिवार एक तारखेच्या आधी येतो, मी बघूनच बोलावलंय. आणि तू आली नाहीस तर साहेबांना सांगेन की ती आज नाही, पुढच्या शनिवारी या. त्यानंतर त्याच्या पुढच्या. ते थकतील, तू थकशील, मी नाही थकणार.

तुझीच,
कुणाच्या बापाचंही न ऐकणारी आई