केरूची खिंड

३ सप्टेंबर २००७, सोमवार

"वेस्ट अव्हेन्यू" म्हणे! नाशिकरोडच्या बंद पडलेल्या काच कारखान्यात अव्हेन्यू! बिल्डरने पाच शेड रंगवून दुकानं-ऑफिसं काढली, रस्ता दाखवणाऱ्या पाट्यांचं काम मला दिलं — आणि जागांची नावं आधीच ठरवून मोकळा! त्याच्या मार्केटिंगचा हर्षल म्हणतो, "प्रतिभा मॅडम, नावं आम्ही बघतो. तुम्ही फक्त बाण काढा." फक्त बाण! अकरा वर्षं या धंद्यात काढली ती बाण काढायला?

६ सप्टेंबर

दिवसभर आवारात उभी राहून बघितलं. नव्या नावांनी कोणालाच काही सापडत नाही. वॉचमन सावळीराम पूर्वी इथेच भट्टीवर कामाला होता. तो सांगतो, "भट्टीवरून खाली जा, भोंग्यापाशी वळा." भट्टी पाडली, भोंगा भंगारात गेला, तरी जुनी माणसं बरोबर पोचतात! हीच नावं पाट्यांवर हवीत. ठरलं.

१० सप्टेंबर

सावळीरामने चार जुने कामगार टपरीवर गोळा केले. नकाशा पसरला, ते बोलत गेले, मी लिहीत गेले. पश्चिमेच्या भिंतीला पूर्वी भगदाड होतं, तिथे आता पायी येणाऱ्यांचं फाटक आहे. त्याला काय म्हणायचे? "केरूची खिंड!" — चौघं एकदम. एकाला तर हसून हसून चहाचा ठसका लागला. "लिवा ताई, लय मोठ्ठं लिवा!" केरू कोण? "होता एक आमच्यातला. वारला." सावळीराम नुसता खाली बघून चहा पीत होता. किती जीव असेल त्या माणसावर, की मेल्यावरही नाव निघालं तर हसू फुटावं!

त्या फाटकाबाहेर चेहेडीची कुसाबाई फुलं विकते. तिलाही विचारलं, या जागेला तुम्ही काय म्हणता? तिने मान वळवली. "आम्ही नाय म्हणत काही." केवढी दहशत बसवली आहे बिल्डरने या लोकांवर!

२४ सप्टेंबर

मीटिंग. कडाकडा भांडले. हर्षलला भट्टी, भोंगा मान्य, केरू नको! "मेलेल्या माणसाचं नाव गेटला? निगेटिव्ह वाटतं मॅडम." मी म्हटलं, ज्यांनी इथे हाडं झिजवली त्यांची एक तरी खूण ठेवा. नसेल ठेवायची तर दुसरी बाई बघा. दसऱ्याला उद्घाटन, दुसरी बाई कुठून आणणार? अडला हरी — आणि गाढव मी! धरले पाय.

जिंकले.

१६ ऑक्टोबर

पाट्या लागल्या. खिंडीची सगळ्यात मोठी. चार फुटी, निळ्यावर पांढरी. शिडीखाली उभी राहून मीच सरळ करून घेतली. कुसाबाई टोपलीमागून वर बघत होती. तिला म्हटलं, "वाचता येतं का?" ती म्हणाली, "येतं की."

१९ ऑक्टोबर

आता हर्षलला ती पाटी इतकी आवडते की उद्घाटनाच्या पत्रकावर तिचाच फोटो! "युनिक आहे मॅडम." निर्लज्ज!

२१ ऑक्टोबर, दसरा

झेंडू घ्यायला खिंडीवर गेले तर कुसाबाईची जागा रिकामी! वर्षातला सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस आणि बाई नाही! अंगाची लाही लाही झाली. पाटीवर गरिबाचं नाव लावायचं आणि पाटीखालून गरिबालाच हाकलायचं! पाहुण्यांसमोर हर्षलला फैलावर घेतलं. "शपथ मॅडम, आम्ही कोणाला उठवलं नाही." खोटारडा! सावळीराम पण म्हणतो, "कोणी नाय उठवलं ताई, ती आपणहून गेली." त्यालाही नोकरी टिकवायची आहे.

सोडणार नाही मी. बाईला शोधते, तक्रार लिहून घेते.

२३ ऑक्टोबर

बिटको चौकात सापडली. म्हटलं, कोणी उठवलं ते सांगा, मी बघते त्याच्याकडे. ती हार ओवत राहिली. मग म्हणाली, "त्या पाटीवर माझ्या मालकाचं नाव हाय, ताई. संप चालू होता अन् आमची पोरगी दवाखान्यात. त्या भोकातून लपून कामाला जायचे. लोकांनी चिडवायला त्या भोकाला त्यांचं नाव दिलं. मरस्तोवर चिडवलं. पोरगी बी नाय वाचली. आता कुठं लोक विसरत आले होते."

हर्षलला फोन केला. पाटी आजच्या आज काढा म्हटलं.

"आता कशी काढणार मॅडम? पत्रकं वाटून झाली. आणि तुम्हीच तर भांडून लावलीत."