बेकरीवर लोंबणारी फांदी

सूनबाई,

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तरुणपणी मी एका फांदीला नुसतं दटावलं, तर ती मुकाट्याने स्वतःहून खाली उतरली होती. आज तशाच एकीला दटावायला चाललोय.

तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. बेकरीच्या छपरावर आलेली जाड फांदी त्याने आधी खालून खाच न घेता थेट वरूनच कापायला घेतली. घाई, दुसरं काय! फांदी अर्ध्यात फाटली आणि आता नुसत्या सालीला धरून धुराड्यावर लोंबतेय. ती सोडवायला तो म्हणे एकटाच पुन्हा वर चढणार. असलं लाकूड कधी झोका घेऊन छातीवर येईल, नेम नाही. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाहीये.

डॉक्टरांचं नाव काढू नकोस. मला चक्कर येते ती खाली वाकल्यावर, आणि झाडाखाली उभं राहून तर वरच बघायचं असतं. बेकरीवाल्याकडून खुर्ची मागून घेईन, चहा पीत बसेन आणि त्याला तोंडाने सांगेन. झाडाला बोटसुद्धा लावणार नाही, तुझी शपथ.

दूध तापवून ठेवलंय. गोळ्या खिशात आहेत. फोन करत बसू नकोस, ऐकू येणार नाही.

तुझी सासू मागे उभी राहून हे वाचतेय. मोठ्याने विचारतेय, "खुर्चीत बसायला कंबरेला दोर कशाला आवळलाय हो?"