विहिरीला पाणी काढून देतो

१२ फेब्रु. १९७३, राहाता
आजही काम मिळाले नाही. चि. वसंता कष्टाचा, बोलण्याचा नव्हे; म्हणून गिऱ्हाईक गाठणे माझ्याकडे. बाजारात एकास खडकाचे थर, त्यांचा उतार, झऱ्यांची दिशा, सर्व क्रमाने सांगितले. तो म्हणाला, "मास्तर, शाळा सुटली न्हवं तुमची? मग धडा कशापायी?" आणि बैल घेऊन निघाला. तीन आठवडे आमचे बोअरचे मशीन अंगणात पडून आहे.

१३ फेब्रु.
वसंता म्हणाला, "नाना, एका दमात होईल तेवढंच सांगा. फक्त पाण्याची हमी नको. आपल्या धंद्यात कुणी देत नाही."
वाक्य सिद्ध केले : 'आम्ही विहिरीच्या तळाशी खडकात आडवे बोअर घेतो, झरा असेल, तर पाणी येते.' 'असेल, तर' वगळता येणार नाही.

१५ फेब्रु., कोल्हार
दगडूभाऊ नावाचे बागाईतदार. विहीर कोरडी. गाडी जुंपून निघण्याच्या घाईत. "काय काम करता? बिगी बिगी सांगा."
हाही जाणार, या भीतीने मी म्हणालो, "विहिरीला पाणी काढून देतो."
ते खाली उतरले. "देता?"
"देतो."
नारळ मागवला. "मग शब्द झाला. पानी लागल्याबिगर मशीन वर काडायचं न्हाई."
नारळ मी घेतला. मशीन एवढे एकच आहे. वसंतास हे सांगितलेले नाही.

१९ फेब्रु.
दोन बोअर झाले. चाळीस-चाळीस फूट. पांढरी, कोरडी भुकटी. दगडूभाऊंच्या आई चहा घेऊन काठावर येतात. "आज लागंल ना, मास्तर?" मी पेला तोंडाला लावतो.

२० फेब्रु.
दगडूभाऊंनीच वसंतास शब्दाचे सांगितले. तो वर आला. रागावला नाही, तेच असह्य. "नाना, तिसरं घेतो. पण त्या दगडात काही दिसत नाही. तुम्ही त्यांना खरं सांगून टाका." पुन्हा खाली उतरला.

दगडूभाऊंकडे गेलो. ते शेजाऱ्यास सांगत होते, "लागनार म्हंजे लागनार. मास्तर बोललाय. शिकल्यालं मानूस कशाला खोटं बोलंल? तुमी बी उद्या बघाया या."
पूर्ण वाक्य, 'असेल, तर'सह, ओठांवर होते. दोघे माझ्याकडे पाहत होते.
"या," मी म्हणालो.