विष्णुक्रांतेवरचं निर्माल्य

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आईच्या पायांवर माथा.

मी बरा आहे. तुझा गुडघा कसा आहे?

इथल्या टेकडीवर झाडांखाली विष्णुक्रांता फुलली आहे. हरभऱ्याएवढी निळी फुलं, कुणाला दिसतही नाहीत. रोज दोन देवाला आणतो.

आज त्यांच्यावर निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या पडल्या होत्या. कुजक्या हारांचं काळं पाणी फुलांवर गळत होतं, त्यात अळ्या. किळस आली. तेवढ्यात एक बाई आणखी एक पिशवी घेऊन आल्या. हटकलं, तर म्हणाल्या, "अहो, देवाचं आहे. कचऱ्यात टाकू का?"

"मग देवघरातच ठेवा," मी म्हटलं.

तरी ठेवून गेल्याच. मी सगळ्या पिशव्या उचलून कचरागाडीत टाकल्या. हातांचा वास जात नाही, घास उतरत नाही.

निर्माल्य कचऱ्यात टाकलं, हे पाप का गं? तू सांगेपर्यंत देवापुढे दिवा लावतो, फूल वाहत नाही.

तुझा,
रंगनाथ